कोरडा सांडवा

१

सांडव्यात गवत उभं होतं. गुडघ्याएवढं, हिरवंगार, एकही पातं आडवं झालेलं नव्हतं. मंजुषा त्या गवताकडे बराच वेळ बघत राहिली. सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे अकरा दिवसांपूर्वी हा तलाव काठोकाठ भरून वाहिला होता. मग या वाटेनं पाण्याचा लोंढा गेला असायला हवा होता.

सांडवा म्हणजे तलाव भरला की जादा पाणी सुखरूप बाहेर पडावं म्हणून ठेवलेली वाट. जामसरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खोलगट वाटीत हा तलाव यंदाच, २००४ च्या मे महिन्यात बांधून झाला होता; हा त्याचा पहिलाच पावसाळा. सांडवा पश्चिमेला, तिथून पाणी नाल्यात आणि नाल्यातून नदीत. पूर्वेला डोंगराची धार, धारेत एक अरुंद खिंड आणि खिंडीपलीकडे खाली चौदा घरांचा पाडा. पाड्याकडे पाणी जायचं काही कारणच नव्हतं, निदान नकाशात तरी नव्हतं.

तरी ते गेलं. जुलैच्या शेवटी, भर दुपारी, खिंड फोडून गेलं. पाड्यावरची माणसं आवणीला, भाताच्या लावणीला, शेतात होती. घरी एकटी कमू होती, पुंजाची बायको, अंगात ताप होता म्हणून. तिला दारापर्यंतसुद्धा पोचता आलं नाही.

मंजुषा खिंडीतून खाली पाड्यावर उतरली. खिंडीच्या जागी आता दोन पुरुष खोल घळ पडली होती. पुंजाच्या घराच्या कुडाच्या भिंती गेल्या होत्या, खांब तेवढे उरले होते. पुंजा ओट्यावर बसून होता. तिनं नमस्कार केला, त्यानंही केला.

घरात अजून चिखल होता. त्या चिखलात तिला दगड दिसले. पुरानं दगड आणले यात नवल नव्हतं, पण हे दगड गोल होते, मुठीएवढे, गुळगुळीत. डोंगरावर सगळा काळा, टोकदार कातळ. असे दगड फक्त नदीत मिळतात, आणि नदी पाड्याच्या कितीतरी खाली होती. वरून आलेल्या पाण्यानं खालच्या नदीतले दगड कुठून आणले?

चुकीच्या जागी दिसलेली वस्तू मंजुषाला कधी तशीच सोडून देता येत नसे. एका बाजूनं टवका उडालेला एक दगड तिनं उचलला आणि पर्समध्ये टाकला.

जव्हारला ऑफिसच्या दारात शिपाई तुका तिची वाटच बघत होता.

"मॅडम, कपाट दोनदा काढलं," तो म्हणाला. "त्या तलावाची मापाची वही कपाटात नाय."

२

मंजुषा जव्हारच्याच एका शाळामास्तरांची मुलगी. जलसंधारणाच्या त्या ऑफिसात नकाशांचा कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होता. कॉम्प्युटरला ती जिवापलीकडे जपायची आणि स्वतःच्या अचूकपणाला त्याहूनही जास्त. टाइप केलेला प्रत्येक आकडा ती दोनदा ताडून बघायची. दशांश चिन्ह चुकलेलं कोणी दाखवलं तर चहा पाजीन, अशी तिची जाहीर पैज होती. चार वर्षांत कोणाला फुकटचा चहा मिळाला नव्हता.

या तलावाचा डोंगरही तिनंच कॉम्प्युटरमध्ये उभा केला होता. ऑफिसात सगळे त्याला 'मॉडेल' म्हणायचे. सर्व्हेअर डोंगरावर ठरावीक अंतरानं दोरी टाकतो, प्रत्येक बिंदूवर माणूस मापाची उंच पट्टी धरतो, सर्व्हेअर लांबून दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचतो आणि त्यावरून निघालेली उंची वहीत लिहितो. मंजुषा ते आकडे टाइप करायची. फाइलीत तीन रकाने असायचे: पूर्वेकडचं अंतर, उत्तरेकडचं अंतर आणि उंची. दोनशे बारा बिंदू झाले की पडद्यावर डोंगर उभा राहायचा. त्याच डोंगरावर बघून तलाव कुठे, बांध किती उंच, सांडवा कुठल्या पातळीला, ते ठरलं होतं.

ठाण्याहून आलेले साहेब खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "वही नाही, म्हणजे काय ते उघड आहे. सर्व्हेअर डोंगरावर गेलाच नाही. घरी बसून आकडे भरले."

"गौतमदादा तसं करणार नाहीत, सर."

"मग वही कुठे आहे? अपघातानंतर तिसऱ्या दिवशी तो इथे येऊन गेला. कपाटापाशी उभा होता, तुकानं बघितलाय."

खोलीच्या कोपऱ्यात गौतम उभा होता. जामसरचाच, शेतकऱ्याचा मुलगा, शिकून सर्व्हेअर झालेला. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्याच्याबद्दल वाकडा शब्द कोणी काढला नव्हता. तो खाली बघत होता.

"दादा, तुम्ही नेलीत का वही?" मंजुषानं विचारलं.

"मला माहीत नाही," गौतम म्हणाला.

तो खोटं बोलत होता. चिमुरड्यालाही कळावं इतकं वाईट खोटं, कारण त्याला त्याची सवयच नव्हती.

"सोमवारी मी पोलिसांत तक्रार देणार," साहेब म्हणाले. "बाई मेलीय. खोटी मापं दिली म्हणून नोकरी जाईल, शिवाय तुरुंगात जाईल. मंजुषा, तुमच्या टायपिंगमध्ये तर काही गडबड नाही ना?"

"नाही, सर. मी दोनदा ताडून बघते."

"मग सोमवारपर्यंत मला मॉडेलमधून दाखवा, चूक नक्की कुठे आहे ते."

हातात चार दिवस होते. त्या चार दिवसांवर गौतमचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि तो स्वतः एक शब्द बोलायला तयार नव्हता.

३

आधी तिनं कमलेशला गाठलं. बांधाचं काम त्याचं होतं. सांडवा जितका उंच तितका तलाव मोठा, आणि काम मोठं म्हणजे नावही मोठं. सांडवा वीतभर चढवून बांधला असेल, असं पाड्यावर दोघंतिघं बोलले होते.

कमलेश तिला बांधावरच भेटला. रागावलेला होता, पण डोळे सुजलेले होते. कमूच्या हातची भाकरी त्यानं काम चालू असताना महिनाभर खाल्ली होती.

"नकाशात होता तेवढाच बांधला, मॅडम. माझं खोटं वाटतं ना? मापा. आत्ता मापा."

त्यानं गवंड्यांची पाण्याची नळी आणली. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं, यात फसवाफसवीला जागा नाही. सांडवा नकाशाबरहुकूम निघाला. बोटभरही फरक नव्हता.

"आता इथं बघा," कमलेश म्हणाला. बांधाच्या आतल्या बाजूला दगडांचं अस्तर होतं आणि त्या दगडांवर गाळाची एक सरळ रेघ उमटली होती. त्या दिवशी तलावाचं पाणी जास्तीत जास्त तिथवर चढलं होतं. नळीनं मापलं तर ती रेघ सांडव्याच्या चाळीस सेंटिमीटर खाली भरली.

मंजुषानं वळून सांडव्याकडे बघितलं. म्हणून गवत उभं होतं. सांडव्यापर्यंत पाणी कधी पोचलंच नव्हतं. त्याच्या आधीच त्याला दुसरी वाट सापडली होती. खिंड सांडव्याहून खाली होती.

आणि तिच्या मॉडेलमध्ये तीच खिंड सांडव्याहून ऐंशी सेंटिमीटर वर होती. ऐंशी आणि चाळीस, एकशे वीस. डोंगर आणि कॉम्प्युटर यांच्यात सव्वा मीटरच्या आसपास तफावत होती, आणि दोघांपैकी डोंगर काही खोटं बोलणार नव्हता.

"गौतमभाऊनं असं केलं असेल, यावर माझा नाही विश्वास," कमलेश म्हणाला. "पण मग कोणी केलं?"

४

शुक्रवारी सकाळी तिनं मॉडेल उघडलं आणि त्याच्यावर पाऊस पाडला.

पडद्यावरचा पाऊस साधा असतो. डोंगराचे छोटे चौकोन केलेले असतात, प्रत्येक चौकोनात एक थेंब पडतो, आणि तो आपल्या आठ शेजाऱ्यांपैकी सगळ्यात खालच्याकडे सरकतो. थेंबाला थेंब मिळत जातात. वाटी भरली की ज्या कडेला सगळ्यात खालची जागा असेल तिथून पाणी बाहेर पडतं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एवढं कोणी केलं नव्हतं. उंच्या मिळाल्या, नकाशा निघाला, संपलं. पाणी सोडून बघितलं असतं आणि एखाद्या म्हाताऱ्याला शेजारी बसवून विचारलं असतं की तुमच्या डोंगरावर पाणी असंच जातं का, तर कदाचित... पण या 'कदाचित'पाशी थांबायला तिला वेळ नव्हता.

पाऊस पडला, वाटी भरली, पाणी गुमान सांडव्यातून पश्चिमेला गेलं. पाडा कोरडा राहिला.

कुणाला सोडायचं नाही, असं तिनं ठरवलं. दोनशे बारा बिंदूंची एकेक करून चौकशी. पहिला बिंदू सव्वा मीटर खाली करायचा, पाणी सोडायचं, बघायचं, बिंदू परत जागेवर ठेवायचा. मग दुसरा. मधे तीन तास भारनियमनात गेले. ती अंधारलेल्या पडद्यासमोर तशीच बसून राहिली आणि वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून यादी बघून पुढे निघाली. शनिवारी दुपारी ती सत्तेचाळीसवर आली.

सत्तेचाळीस खाली झाला, वाटी भरली आणि पाणी पूर्वेला वळलं. निळी रेघ खिंडीतून उतरली, चौदा घरांच्या वरच्या टोकाला लागली, आणि पहिल्याच घरावरून गेली. ते घर पुंजाचं होतं.

उरलेले सगळे बिंदूही तिनं रात्रभर जागून तपासले. एकानंही पाणी पाड्याकडे नेलं नाही. खिंड इतकी अरुंद होती की तिच्यात एकच बिंदू मावला होता. शेजारचे सेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीस दोन्ही बाजूंच्या उंच खांद्यांवर होते.

म्हणजे गौतमनं घरी बसून आकडे भरले नव्हते. घरी बसून भरणारा माणूस दोनशे अकरा आकडे बरोबर आणि एकच चूक असा भरत नाही. तिला हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. त्या एका जागी, त्या एका दिवशी, कोणीतरी काहीतरी वेगळं केलं होतं. आणि त्या दिवशी डोंगरावर दोनच माणसं होती. दुर्बिणीपाशी गौतम, आणि पट्टी धरायला पुंजा.

५

रविवारी ती पुन्हा पाड्यावर गेली. पुंजा घराचा चिखल काढत होता. तिला बघून त्यानं हात धुतले आणि बसायला गोणपाट टाकलं.

"बाबा, मापाच्या वेळी पट्टी तुम्हीच धरायचात ना?"

"मीच धरायचा. पंधरा दिस धरली."

"गौतमदादांनी काम नीट केलं होतं?"

"लई नीट. मना बोलायचा, पुंजा, दोरी संपंल तठंच पट्टी. वीतभर इकडं नाय, वीतभर तिकडं नाय."

"आणि पट्टी जमिनीवरच टेकवायचात?"

पुंजानं चिखलाची पाटी जवळ ओढली.

"दोरी संपायची तठंच टेकवायचा," तो म्हणाला, आणि पाटी उचलून मागच्या बाजूला गेला.

प्रश्नाचं उत्तर हे नव्हतं. मंजुषाच्या ते लक्षात आलं, पण बायको जाऊन पंधरवडाही न झालेल्या माणसाच्या मागे जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारायला तिची जीभ रेटली नाही. ती उठली. तेवढ्यात तिला दिसलं की चिखलातले ते गोल दगड आता चिखलात नव्हते. धुऊन, पुसून, ओट्यावर ओळीनं मांडून ठेवले होते.

शेजारच्या घरात रामी भात निवडत बसली होती. कमूच्या वयाची, कमूबरोबर रोज पाण्याला जाणारी. मंजुषानं पर्समधला दगड काढून तिच्यापुढे धरला.

"मावशी, हा कुठला?"

रामीनं दगड हातात घेतला. मग पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"कमूचा हाय," ती म्हणाली.

मंजुषा तिच्याजवळ खाली बसली. रामी सांगत गेली, थांबत थांबत.

"तिला पोर होती, पोशी. चार वर्साची. बारा वर्सं झाली. त्या सालात पाड्यावरची सहा पोरं गेली. गोवर आला, आन् अंगात काय नव्हतंच. लहान पोराला आम्ही जाळत नाय, पुरतो. वर खिंडीत पुरली, वारा लागतो म्हणून. कोल्हा उकरंल म्हणून पुंजानं वर काळे दगड ठेवले. कमू बोलली, हे टोचतील तिला. मंग तिनं ते काढले. नदीवर गेली का एक गोल दगड घेऊन यायची, वर जाऊन ठेवायची. जाईल तवा एक. बारा वर्सं. आमी हसायचो पयले. मंग नाय हसलो."

"दोन वर्षांपूर्वी मापं घेतली तेव्हा केवढा होता ढीग?"

रामी उभी राहिली. तिनं मंजुषालाही उभं केलं आणि तिच्या छातीच्या उंचीला, काखेखाली हात लावला.

"एवढा."

मंजुषाला टेप लावायची गरज नव्हती. आपली उंची तिला ठाऊक होती. तो हात जमिनीपासून एकशे वीस सेंटिमीटरवर होता.

६

जामसरला गौतमच्या घरी ती पोचली तेव्हा त्याची बायको रंजना अंगणात होती. तिनं काही विचारलं नाही, आत बोट दाखवलं. चार दिवसांत त्या घरात कोणी धड जेवलं नसावं.

मंजुषानं दगड गौतमच्या समोर ठेवला.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली. "पुंजाबाबांनी पट्टी पोशीच्या ढिगावर धरली. जमिनीवर नाही. खिंडीची उंची सव्वा मीटर जास्त लागली. सांडवा त्या हिशेबानं वर गेला. पाणी खालून निघालं. आणि दादा, तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

गौतमनं दगड उचलून बघितला, परत ठेवला. मग उठला, भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि वही काढली.

"दुर्बिणीतून आकडा बघितला तेव्हाच कळलं, पट्टी उंचावर आहे," तो म्हणाला. "चालत गेलो. दोरी बरोबर ढिगावरच संपत होती. मी म्हटलं, पुंजा, खाली टेकव. तो म्हणाला, भाऊ, बुडाला लोखंड हाय, पोरीवर कसा दाबू. वरच्या दगडावर पण त्यानं पट्टी नुसती टेकवली नव्हती. खाली आपली टोपी घातली होती. ढीग सोडून हातभर बाजूला धर म्हटलं असतं तर काम झालं असतं, मंजू. तेव्हा सुचलं नाही. मला त्याच्याकडे बघवेना. मी परत आलो आणि शेऱ्यात लिहिलं."

मंजुषानं वही उघडली. सत्तेचाळीसची ओळ. वाचनाचा आकडा जसाच्या तसा, खाडाखोड नाही. आणि पानाच्या उजव्या कडेला, शेऱ्याच्या रकान्यात, गौतमच्या बारीक अक्षरात: 'दगडांच्या ढिगावर. पुंजाची मुलगी. १.२० वजा करणे.'



तिला ती दुपार आठवली. दोन वर्षांपूर्वीचा जून. गौतम तापानं घरी होता, वह्या तुकाच्या हाती आल्या होत्या. तिनं दोनशे बारा आकडे टाइप केले होते. दोनदा ताडून बघितले होते. शेऱ्याचा रकाना तिला दिसलाही होता. 'झुडूप', 'बांधावर', 'वारूळ शेजारी' असलं काहीबाही त्यात लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरच्या फाइलीत रकाने तीनच होते. चौथा तिनं वाचलाच नव्हता.

"म्हणजे मी," ती म्हणाली.

"वजाबाकी मी करून पाठवायला हवी होती."

"तुम्ही लिहिलं होतं, दादा. मी वाचलं नाही." वही मिटून तिनं विचारलं, "पण ही वही तर तुम्हाला सोडवते. मग लपवली कशाला?"

"मला सोडवते," गौतम म्हणाला. "तुला अडकवते. ते एक वेळ बघता आलं असतं. पण चौकशीत ही ओळ मोठ्यानं वाचतील. साक्षीला पुंजाला बोलावतील. त्याला विचारतील, पट्टी कशावर धरली होतीस. मग त्याला सांगतील, तू मेलेल्या पोरीला जपलंस म्हणून तुझी बायको मेली. हे त्याला कोण सांगणार? तू सांगशील?"

मंजुषा रडायला लागली. रंजना दारात येऊन उभी राहिली होती, तिनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती पण तिथेच बसली.

७

सोमवारी साहेबांच्या टेबलावर मंजुषाचा अहवाल होता. एक पान. बिंदू सत्तेचाळीसची उंची एक मीटर वीस सेंटिमीटर जास्त धरली गेली. सर्व्हेअरनं वाचन प्रामाणिकपणे घेतलं होतं, आणि करायची दुरुस्ती वहीत लिहून दिली होती. ती दुरुस्ती संगणकात भरताना माझ्याकडून राहिली. चूक माझी आहे. सोबत पाण्याच्या वाटेचे दोन नकाशे, चुकीचा आणि दुरुस्त. वहीचं पान जोडलं होतं, पण शेऱ्यातले मधले दोन शब्द शाईनं काळे केलेले होते.

"हे काय खोडलंय?" साहेबांनी विचारलं.

"एका लहान मुलीचा उल्लेख आहे, सर. मापाशी संबंध नाही."

चार वर्षांत तिनं ऑफिसात बोललेलं हे पहिलं खोटं होतं. साहेबांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. गौतमवरची तक्रार मागे पडली. मंजुषाला महिनाअखेर कामावरून कमी करायचं ठरलं. तिनं एकच मागितलं, की तोवर मोखाड्याच्या अकरा नव्या तलावांची मॉडेलं तिला पुन्हा तपासू द्यावीत. प्रत्येक फाइलीत तिनं चौथा रकाना घातला, प्रत्येक वहीतला शेरा अक्षर न् अक्षर टाइप केला, प्रत्येक डोंगरावर पाणी सोडून बघितलं आणि त्या त्या गावातल्या म्हाताऱ्यांना पडद्यासमोर बसवलं. दोन ठिकाणी म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि बोटानं दुसरी वाट दाखवली. दोन्ही वेळा म्हातारे बरोबर निघाले. त्यांना चहा तिनं स्वतःच्या हातानं करून दिला.

शेवटच्या दिवशी ती जामसरला गेली. पाड्यावर पुंजा नव्हता, ओटा रिकामा होता. रामीनं वर बोट दाखवलं.

खिंडीच्या घळीच्या काठावर, पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, पुंजा दगड रचत होता. शेजारी पाटी होती. चिखलात सापडलेले दगड तो एकेका खेपेला थोडे थोडे वर आणत होता. पोशीची जागा वाहून गेली होती, तिथे आता नुसती हवा होती.

"घरात आले व्हते सगळे," तो म्हणाला. "कमूच्या अंथरुणाभोवती. पोर आईकडं आली, असं मनाशी बोललो."

मंजुषा खाली बसली. मग हातातला दगड तसाच धरून त्यानं विचारलं.

"बाय, तू शिकलेली हाय, म्हणून विचारतो. मापाच्या टायमाला इथं पट्टी मी भुईला लावली नव्हती. पोशीच्या दगडावर ठेवली व्हती. तेच्यानं काय झालं का?"

त्याच्या डोळ्यांत बघून बोलणं भाग होतं. तिनं बघितलं.

"नाही, बाबा. त्यानं काही झालं नाही. चूक माझी होती. माझ्या हातून आकडा चुकला."

पुंजानं मान डोलावली. दगड ढिगावर ठेवला, नीट बसवला, हात फिरवून बघितला.

"गौतमभाऊला पन विचारलं मी," तो म्हणाला. "तो पन असाच बोलला. चूक माझी हाय, बोलला."

त्यानं पुढचा दगड घेतला. त्याला सगळं कळलं होतं. कधी कळलं, ते तिला विचारवलं नाही.

तिनं पर्समधून तो टवका उडालेला दगड काढला आणि त्याच्यापुढे धरला. पुंजानं तो ओळखला असावा. पण तिच्या हातून घेतला नाही.

"तूच ठेव," तो म्हणाला. "टवका वर कर. खाली टोचंल तिला."